एकहाती शिफ्टेची मोहीम

हकीकत लिहावयाची ती ऐसी. या घराण्याचे एकुलते चिरंजीव, मोबाइलची ॲपे करून देणारे, बुद्धीचे सागर, पगाराचे डोंगर, यांचे अंगी सर्व गुण असोन एक खोड उपजत आहे, ती ही की समोरच्याचे हातचे काम पुरे होऊ द्यावयाचे नाही. कोणी गाठ सोडीत असो, कोणी डबा उघडीत असो, कोणी सुईत दोरा ओवीत असो, चिरंजीवांचा उजवा हात पुढे येणार आणि मुखातून "दे इकडे" हे दोन शब्द निघणार आणि मग ती वस्तू मूळ मालकाचे हातून जाणार, हा शिरस्ता. वडिलांशी आदब म्हणोन "द्या इकडे" म्हणतात, इतकाच काय तो फरक. सूनबाईंनी हौसेने चालवावयास घेतलेली मोटार पहिल्याच वळणावर चिरंजीवांनी ताब्यात घेतली, ती अद्याप परत आलेली नाही. गणगोत यास हुशारी म्हणतात. आम्ही काय म्हणतो ते शेवटी येईल.

या खोडीपायी एका दुकानाची पाटी आणि एका माणसाचा शब्द, इतका ऐवज जाता जाता राहिला. तो कसा राहिला हे पुढील पिढीस ठाऊक असावे, आणि मुख्य म्हणजे चिरंजीवांस विसर पडू नये, सबब आम्ही मातुश्री, जातीने हजर राहोन, डोळ्यांनी पाहोन, हे लिहीत आहो. आम्हांस शाळेने फार काळ पोसले नाही. ज्यास चुका काढावयाच्या असतील त्याने आपले घरी बसून खुशाल काढाव्या.

आमचे यजमान पेशाने पाट्या रंगविणारे, अवघ्या बाजारात "पेंटर" या एकाच किताबाने मशहूर. दातांच्या डॉक्टरापासून चप्पल शिवणाऱ्यापर्यंत आणि "येथे गाड्या लावू नयेत" पासून "आत या" पर्यंत, रस्त्यावर जे जे वाचावे ते ते त्यांचे हातचे. त्यांची रीत ऐसी की एका ओळीत दोन किंवा तीन शब्द, त्याउपर नाही. मग ओळ मोडावी, मग दुसरी ओळ घ्यावी, आणि सर्व ओळी पुऱ्या होईतो पाटीवर चादर टाकून ठेवावी, अर्धी पाटी कोणास दाखवू नये. एका गिऱ्हाइकाने घाईने चादर उचलून पाहिली, तर स्वारींनी तेथल्या तेथे ब्रश धुतला आणि त्यास म्हणाले की उरलेली पाटी आता तुमची तुम्ही रंगवा. बोलणेही याच रीतीचे. आमच्याशी भांडताना दोन शब्द बोलावे, थांबावे, आणखी दोन बोलावे, पुन्हा थांबावे, आणि तिसऱ्या ओळीस आम्हांस निरुत्तर करावे. आम्ही निरुत्तर होत नसू हा भाग वेगळा.

ऐसे चालले असता गेल्या हिवाळ्यात मेंदूचे मुलखात रक्ताची एक गुठळी फितूर जाहली, आणि उजवा हात व जीभ ही दोन ठाणी एकाच सकाळी पडली. डावा हात, दोन्ही डोळे आणि हट्ट, इतका मुलूख शाबूत राहिला. तेव्हापासोन या घरातील यच्चयावत भांडणे आम्ही जिंकीत आलो. भाजीत मीठ कमी का पडले, येथपासोन खिडकी उघडी ठेवावी की बंद, येथपर्यंत एकही शिकस्त नाही. नाव घेत नाही, परंतु या घरात एका माणसास ते जिंकणे सोसवेना.

चिरंजीवांस ही अवस्था पाहवली नाही, हे त्यांचे पदरी टाकले पाहिजे. त्यांनी एक टॅबलेट आणिला, आणि काचेवर वडिलांचे बोट थरथरते म्हणोन सोबत एक बुटका कीबोर्ड आणिला, आणि स्वहस्ते एक ॲप तयार केले. त्यात शब्द लिहावा आणि एंटर दाबावे, की टॅबलेट तो शब्द मोठ्याने उच्चारी आणि लिहिलेले पुसून टाकी. उच्चारणारी कोणी बाई होती. स्टेशनावर गाडी उशिरा येत असल्याचे सांगावे तसल्या थंड आणि सुरेल आवाजाची. आमचे यजमानांचे बोलणे इतक्या वर्षांनी एका परस्त्रीच्या तोंडून ऐकणे आमचे नशिबी आले. चिरंजीव म्हणाले की पुरुषी आवाज पुढच्या आवृत्तीत येईल. ती आवृत्ती हे लिहीपर्यंत आलेली नाही.

आता दुकानाचे प्रकरण. पेंटरांचे दुकान आजारपणापासोन बंद होते, आणि शेजारचा मोबाइलची कव्हरे विकणारा गृहस्थ ते भाड्याने मागत होता. सर्वांचे मत पडले की द्यावे, परंतु मालकाचे तोंडून निघाल्याखेरीज देऊ नये. मग यजमानांस उशांच्या आधाराने बसविले, कीबोर्ड मांडीवर ठेविला, आणि स्वारींनी डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षर शोधीत शोधीत पहिली ओळ लिहिली, आणि जन्माच्या सवयीने, ओळ संपली म्हणोन, एंटर दाबले. ओळ मोडावी इतकाच त्यांचा इरादा. परंतु ती बाई गरजली की दुकान देऊन टाका.

एकच गलबला जाहला. चिरंजीवांनी विचारिले की बाबा, नक्की द्यायचं ना, आणि स्वारींनी मान हलविली, कारण ते खरेच होते, आणि थांबा म्हणोन डावा हात उचलिला. तो उचललेला हात चिरंजीवांनी आनंदाने धरून हलविला, आणि "द्या इकडे" म्हणोन कीबोर्ड उचलून नेला, आणि कव्हरवाल्यास तेथूनच फोन लाविला. दुसरे दिवशी कव्हरवाला फुटपट्टी घेऊन दुकानावर चढला आणि म्हणाला की ही जुनी पाटी काढून भंगारात टाकू, येथे आपण आतून दिवे लागणारा फ्लेक्स लावू. हे वर्तमान घरी पोहोचले, त्या क्षणी स्वारींनी भिंतीकडे तोंड केले, आणि कीबोर्ड पुढे केला तर तो पायाने लोटला.

चिरंजीव म्हणाले की बाबांचा मूड नाही. मूड. आम्ही या पुरुषाबरोबर संसार केला आहे, आम्ही जाणतो की त्याचे बोलणे एका ओळीत कधी संपले नाही. त्या ओळीखाली आणखी ओळी होत्या, आणि अर्धी पाटी जगास दाखविली गेली होती. तेव्हा आमचा हुकूम सुटला की येत्या रविवारी कव्हरवाला कराराचे कागद घेऊन येणार, त्याआधी या माणसास आपले बोलणे पुरे करता आले पाहिजे, न आल्यास करार नाही, कागद नाही, आणि चिरंजीवांनी जेवणही आपले आपण वाढून घ्यावे.

मग चिरंजीवांनी आम्हांस समजाविले, आणि सूनबाईंनी ते आम्हांस समजेल ऐसे पुन्हा समजाविले. मतलब हा की नुसते एंटर दाबले तर बाई बोलेल, परंतु शिफ्ट नावाचे बटण दाबून धरून एंटर दाबले तर बाई गप्प राहील आणि नवी ओळ मिळेल. शिफ्ट बटणाचा स्वभाव ऐकोन आम्हांस ओळख पटली. ते एकटे दाबिले तर काही करीत नाही. स्वतः कामास हात लावावयाचा नाही, दुसरा काम करीत असता त्याचे शेजारी उभे राहावयाचे आणि त्याचे काम भलतेच करून ठेवावयाचे. आमच्या नणंदबाई हुबेहूब.

ऐसियास शिफ्ट हजर आहे की नाही हे ॲपास कळावे कसे, हा मसलतीचा मुद्दा. चिरंजीवांनी दूरदूरच्या पंडितांशी कानात बोंडे घालून खल केला, आणि मग ॲपाचे दारी एक पहारेकरी बसविला. शिफ्ट खाली गेली की पहारेकऱ्याने मनात धरावे की शिफ्ट आत आली, आणि शिफ्ट वर उठली की धरावे की बाहेर गेली. एंटर आले की ॲपाने पहारेकऱ्यास पुसावे की शिफ्ट आत आहे काय, आणि तो सांगेल त्यावर चालावे. चिरंजीव आपल्या गुबगुबीत खुर्चीत बसले, डाव्या हाताने शिफ्ट धरिली, उजव्या हाताने एंटर ठोकिले, आणि नवी ओळ उमटली. पुन्हा ठोकिले, पुन्हा उमटली. तेव्हा ते खुर्चीसकट गोल फिरले आणि फत्ते जाहली म्हणाले. आम्ही म्हणालो, तिकडे बाबांपुढे जाऊन फिर.

मग कीबोर्ड वडिलांचे मांडीवर आला, आणि शिफ्ट-एंटरचा मंत्र सांगोन चिरंजीव ऑफिसच्या कॉलवर गेले. स्वारींनी भिंतीकडील तोंड मोठ्या मिनतवारीने आमचेकडे फिरविले आणि पहिली ओळ लिहिली. आता शिफ्ट धरावयाची. त्या बुटक्या कीबोर्डास शिफ्ट एकच, तीही डाव्या टोकास, आणि एंटर उजव्या टोकास, आणि माणसास चालता हात एक. स्वारींनी करंगळी शिफ्टेवर रोविली आणि अंगठा एंटराकडे ताणला, परंतु मध्ये चार बटणांचा मुलूख राहिला. ऐसी ताणाताण चालली असता नेमक्या त्याच समयी टॅबलेट खणखणला, आणि अवघ्या पडद्यावर नणंदबाईंचे मुखकमल अवतरले. आपल्या भावाची तब्येत विचारावयास आल्या होत्या. विचारिली, आणि उत्तर न ऐकता आपल्या गुडघ्यांची सांगितली.

या धामधुमीत स्वारींचे बोट शिफ्टेवरून उठले. परंतु पडदा त्या वेळी नणंदबाईंचे अमलाखाली असल्यामुळे, शिफ्ट उठल्याची वर्दी त्यांचे दारी गेली, आपल्या पहारेकऱ्यास पोहोचलीच नाही. तो बापडा शिफ्ट आतच आहे ऐसे धरून बसला. नणंदबाई गेल्या, ॲप परत आले, आणि स्वारींनी कंटाळून नुसते एंटर दाबिले, तो काय नवल, नवी ओळ मिळाली. चेहरा उजळला. त्यांनी दुसरी ओळ लिहिली, एंटर दाबिले, नवी ओळ. तिसरी लिहिली. मग सर्व पुरे जाहले, आता चादर काढावी, बाईने बोलावे, म्हणोन एंटर दाबिले. नवी ओळ. पुन्हा दाबिले. नवी ओळ. दाबीत गेले, आणि ओळी पडत गेल्या, आणि लिहिलेले वर वर सरकत पडद्याबाहेर गेले, आणि बाई मुकी ती मुकीच. एक मुका माणूस होता, त्याजवळ आता मुके यंत्रही जाहले.

एंटर बडविल्याचा आवाज ऐकोन चिरंजीव धावत आले, आणि काय जाहले हे न विचारता उजवा हात पुढे केला आणि "द्या इकडे" म्हणोन कीबोर्ड घेतला. शिफ्ट एकदा दाबून सोडिली, तो पहारेकऱ्यास जाग आली की शिफ्ट गेली. मग चिरंजीवांनी पडदा पुसून कोरा केला आणि म्हणाले की पाहा, व्यवस्थित चालते आहे. त्या पुसण्यात तिन्ही ओळी गेल्या. आम्हीही वाचल्या नव्हत्या, कारण आमचा चष्मा मुदपाकखान्यात होता.

तेव्हा पेंटरांनी जे केले ते या मोहिमेचे मर्म होय. त्यांनी डावा हात टाकिला आणि चिरंजीवांचे उजवे मनगट पकडिले. उजवा हात पाट्या रंगवीत असता जन्मभर शिडीस लोंबकळलेला तो हात, त्याची पकड आजारपणाने ढिली जाहली नव्हती. चिरंजीवांनी ओढून पाहिले, हसून पाहिले.

"बाबा, सोडा ना. मी दाखवतो तुम्हाला."

पेंटर सोडीनात. मान कीबोर्डाकडे हलविली, की दाखव. तेव्हा चिरंजीवांनी उरलेल्या डाव्या हाताने शिफ्ट धरिली आणि एंटराकडे अंगठा ताणला, आणि मध्ये तोच चार बटणांचा मुलूख राहिला. कीबोर्ड तिरका करून पाहिला, आडवा करून पाहिला, हनुवटीने शिफ्ट दाबावयास गेले तर नाकाने तीन अक्षरे उमटली.

"अहो, पण एका हाताने कसं दाबणार?" चिरंजीव म्हणाले.

सूनबाई दारात उभ्या होत्या. "तेच विचारतायत ते," म्हणाल्या.

चिरंजीवांनी वडिलांकडे पाहिले, म्हणजे पडद्याकडे नव्हे, वडिलांकडे, आणि बराच वेळ पाहिले. मग पेंटरांनी मनगट सोडिले. त्यावर बोटांचे वळ उठले होते.

त्या दुपारी चिरंजीव उजवा हात पँटीच्या खिशात घालून खुर्चीत बसले, आणि तसेच बसून काम केले, आणि सूनबाई पाण्याचा पेला पुढे करीत तो डाव्या हाताने घेत. सदऱ्यावर सांडले, परंतु हात बाहेर काढिला नाही. कीबोर्डावर एका हाताने लिहिण्यास इतका उशीर लागे की ते वाटेत विचार करू लागले, हा लाभ आम्ही वेगळा मोजितो. मग शोध लागला की शिफ्ट एकदा दाबून सोडिली तरी पुढचे बटण दाबीपर्यंत तिने वाट पाहत थांबावे, ऐसी सोय टॅबलेटाच्या सेटिंगातच आहे. एक हात असलेल्यांसाठीच ती केलेली आहे, आणि टॅबलेट दुकानातून घरी आला त्या दिवसापासोन तेथे बसून आहे. अवघे जग पालथे घातले आणि वस्तू बसल्या आसनाखाली सापडली, तेव्हा दूरदूरच्या पंडितांस आमचा सलाम कळवावा.

सोय चालू केली, तरी बाई बोललीच. का, तर पहारेकरी. शिफ्ट वर उठली हे त्याने पाहिले, आणि एंटर आले तेव्हा तो शपथेवर सांगे की शिफ्ट केव्हाच गेली. टॅबलेट म्हणे थांबली आहे, पहारेकरी म्हणे गेली आहे, आणि ॲपाचा भरवसा पहारेकऱ्यावर. तेव्हा चिरंजीवांनी त्यास नोकरीवरून काढिले. नवा बंदोबस्त ऐसा केला की ॲपाने स्वतः काहीही मनात धरून बसू नये. जे बटण दारी येईल त्यासच त्या क्षणी पुसावे की बाबा रे, तुझ्याबरोबर कोण आहे, कारण प्रत्येक बटण आपल्या सोबत्यांची खबर स्वतःच घेऊन येते. आधीपासोन घेऊन येत होते. कोणी विचारीत नव्हते. येणाऱ्यास विचारावे, आपले आपण ठरवू नये, हा शोध आमचे चिरंजीवांस वयाच्या या टप्प्यावर लागला, आणि तो त्यांनी आम्हांस ऐसा सांगितला की जणू आम्ही तो पूर्वी कधी त्यांचे कानी घातलाच नव्हता.

रविवारी कव्हरवाला कागद घेऊन हजर जाहला. पेंटरांस खुर्चीत बसविले, कीबोर्ड मांडीवर दिला, चष्मा आम्ही या खेपेस डोळ्यांवरच ठेविला. कव्हरवाला म्हणाला की काकांनी आधीच हो म्हटलंय ना, मग सही फक्त. आम्ही त्यास चहा दिला, कारण चहा तोंडात असता माणूस बोलत नाही.

स्वारींनी पहिली ओळ लिहिली. मग शिफ्ट दाबिली, सोडिली, आणि हात सावकाश उचलून, सर्व मुलूख ओलांडून, एंटरावर नेला. बाई गप्प राहिली. नवी ओळ पडली. दुसरी ओळ सुरू जाहली, एक अक्षर चुकले, ते पुसावयाचे बटण सापडेना, आणि चिरंजीवांचा उजवा हात उठला. तो उठलेला त्यांनीच पाहिला, आणि नेऊन आपल्या मांडीखाली घातला, आणि त्यावर बसले. बटण सापडले. पुन्हा शिफ्ट, पुन्हा एंटर, पुन्हा बाई गप्प. तिसरी ओळ पुरी जाहली. स्वारींनी सर्वांकडे एकवार पाहिले, आणि नुसते एंटर दाबिले, आणि ती बाई थंड आणि सुरेल आवाजात म्हणाली,

"दुकान देऊन टाका. पाटी मी रंगवीन. डाव्या हाताने."

कव्हरवाल्याने कप खाली ठेविला आणि हळू म्हणाला की काका, पण मी फ्लेक्स छापायला टाकलाय. स्वारींनी खाली पाहून दोन शब्द लिहिले, मध्ये ओळ मोडून. बाई म्हणाली, "फ्लेक्स. फाटतो." कव्हरवाल्याने छापखान्यास फोन केला.

तेव्हा आम्ही पुढे जाहलो. आम्ही म्हणालो की हे काय खूळ, तोल जातो, बोट थरथरते, डाव्या हाताने रंगवताना पाटी हलेल, ती धरील कोण. स्वारींनी आमचेकडे पाहिले. डोळ्यांत तीच जुनी बदमाशी. सावकाश लिहिले, शिफ्ट दाबिली, सोडिली, एंटर दाबिले, पुन्हा लिहिले. त्या परस्त्रीने आम्हांस आमच्याच घरात फर्मावले,

"पाटी. तू धर."

हिवाळ्यापासोन प्रथमच या घरात आम्ही एक भांडण हरलो, आणि ते हरलो म्हणोन त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर पडले, हे येथे नमूद करून ठेवितो.

येणेप्रमाणे शिफ्टेची मोहीम सिद्धीस गेली. पहारेकरी बडतर्फ जाहला, दुकान कव्हरवाल्यास भाड्याने गेले, जुनी पाटी भंगारात न जाता आमचे खोलीत आली, आणि नव्या पाटीचे काम दुकानाच्या मागील खोलीत, मेजावर, आमचे देखरेखीखाली सुरू जाहले. यशाचे मानकरी पेंटर, सूनबाई आणि, वाटा लहान असला तरी, चिरंजीव. हे सर्वांस कळावे.

पाटीचे पहिले दिवशी चिरंजीव पाहावयास आले. आम्ही दोन्ही हातांनी पाटी धरून उभ्या. पेंटरांनी डाव्या हाताने पहिले अक्षर ओढिले, ते थोडे वर चढले. दुसरे आणखी चढले. तिसऱ्यास ब्रश थरथरला आणि एक थेंब ओघळून खाली निघाला, आणि पेंटर त्या थेंबाकडे पाहत थांबले, आणि शेजारून एक उजवा हात ब्रशाकडे निघाला, आणि "द्या इक" इतके शब्द हवेत आले. आमचे हात गुंतलेले होते, तोंड मोकळे होते. आम्ही म्हणालो,

"हात खिशात घाल. यंत्राला थांबायला शिकवलंस, आता तू शीक."